अकोल्याच्या खड्ड्यातले जिताडे

समुद्राचा मासा वऱ्हाडात जगायचा नाही, हे मला पहिल्यांदा ऐकवलं ते गावच्या पाटलांनी. पाटलांनी समुद्र पाहिला नव्हता आणि मासा पाहिला होता तो ताटात आल्यावर. तरी आवाज असा, की समुद्र त्यांच्याच शिवारात असावा. मी तेव्हा विशीतली होते, म्हणजे मान खाली घालून ऐकायच्या वयाची. मी मान वर ठेवून ऐकलं आणि घरी येऊन हंडे घासायला घेतले.

माझा जन्म पेणजवळच्या खारेपाटातला, आगरी घरातला. आमची माणसं खाडीला बांध घालून भात पिकवतात. भरतीचं पाणी अडवायला चिखल कुठे आणि किती थापायचा, हे आमच्या पुरुषांना कुणी शिकवावं लागत नाही. आगगाडीचे रूळ वऱ्हाडाकडे सरकू लागले तेव्हा कंत्राटदारांना मातीचे भराव घालणारी माणसं हवी होती. माझा नवरा फावडं खांद्यावर टाकून त्या टोळीबरोबर घाट चढून आला आणि त्याच्या मागून मी आले. अकोल्याजवळचं काम उरकून टोळी पुढे गेली, पण नवऱ्याला तिथल्या एका कापसाच्या वखारीत हमाली मिळाली आणि आम्ही मागेच राहिलो.

ते दिवस कापसाचे होते. दूर अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला पोचत नव्हता आणि म्हणून आमच्या दारातल्या बोंडाला भाव आला होता, एवढं आम्हालाही कळायचं. ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, गुरं चरायच्या पडीक जागेत पऱ्हाटी. काल बोडख्यानं फिरणारा आज जरीचा रुमाल बांधून बाजारात यायचा आणि ज्वारी मात्र विकत घेऊन खायचा. सगळा मुलूख कापसामागे लागलेला असताना ही बाई मासे कसले पाळते, असं लोक मला विचारायचे. कापूस खाता येत नाही, असं मी म्हणायचे. यावर ते हसायचे.

रुळांच्या भरावासाठी माती काढली होती तिथे पाटलांच्या जमिनीत मोठा खड्डा पडला होता. एका बाजूनं उतरायला सोपा उतार, दुसऱ्या बाजूनं दोन पुरुष खोल. काळ्या मातीच्या तळात पावसाचं पाणी चांगलं धरून राहायचं. पाटलांना ती जमीन आता नकोशी झाली होती. खड्डा मी वापरू का, असं मी विचारलं तेव्हा ते खुशाल वापर म्हणाले, आणि कशासाठी ते कळल्यावर त्यांनी ते समुद्राच्या माशाचं ज्ञान मला दिलं.

जिताडा हा मासा आहे समुद्राचाच, पण हट्टी नाही. खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात, तो अंडी घालतो. पावसाळ्यात उधाण आलं की पिल्लं पाण्याबरोबर आत येतात आणि बांधाच्या उघाडीतून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, भातखाचरांत शिरतात. आमच्या बायका कंबरभर पाण्यात उभ्या राहून जुन्या लुगड्याच्या झोळीत ती धरतात. बोटाच्या पेराएवढी पिल्लं, रंगानं काळपट, अंगावर पांढरे डाग आणि डोक्यावरून पाठीकडे गेलेली एक पांढरी रेघ. ती घरामागच्या गोड्या तळ्यात सोडायची. कोळंबी, बेडूक, दुसरे मासे, जे मिळेल ते खाऊन दोन-तीन वर्षांत जिताडा हातभर होतो, डाग जाऊन अंग चांदीचं होतं आणि संध्याकाळी पाण्यात त्याचे डोळे मांजरासारखे चमकतात. त्याला ऊब लागते, एवढंच. गार पाण्यात तो तोंड उघडत नाही.

माझी आई मासे कापताना एक गोष्ट नेहमी सांगायची. लहान जिताड्याच्या पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, कधी निघत नाही, आणि खूप मोठा जिताडा नर कधी निघत नाही. म्हणजे हा मासा आधी नर असतो आणि वय वाढलं की त्याचीच मादी होते, असं तिनं स्वतःशी ठरवलं होतं. घरातले पुरुष तिला वेड्यात काढायचे. मासे कापायचं काम त्यांचं नव्हतं, त्यामुळे त्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं.

त्या आषाढात मी माहेरी गेले आणि परत निघताना दोन तांब्याच्या हंड्यांत पिल्लं घेतली. धरमतरहून मचव्यानं मुंबई, मुंबईहून रूळ होते तिथवर आगगाडी आणि पुढे कापूस उतरवून रिकामी परतणारी बैलगाडी. हंड्यांच्या तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. पाणी मेलं की मासा मरतो, म्हणून रात्रंदिवस तांब्यानं पाणी वर काढायचं आणि उंचावरून पुन्हा हंड्यात ओतायचं. प्रत्येक ठेसनावर हंड्यातलं एक तांब्या खारं पाणी फेकायचं आणि एक तांब्या गोडं घालायचं. असं करत भुसावळ येईपर्यंत माझी पिल्लं गोड्या पाण्याची झाली होती. गाडीतला एक गार्ड माझ्यावर ओरडला, की पाण्याचे हंडे माणसांच्या डब्यात चालत नाहीत. मी त्याला म्हटलं, हंड्यात तीर्थ आहे, हात लावून बघ. त्यानं लावला नाही.

निम्मी पिल्लं वाटेत गेली. उरली ती खड्ड्यात सोडली. पहिल्या थंडीत ती तळाशी निपचित पडून राहिली आणि गावात बातमी पसरली की खारेपाटवालीचे मासे मेले. मी खड्ड्याच्या उथळ भागावर पऱ्हाटीच्या काड्यांचं छप्पर घातलं, पाण्याला तेवढीच ऊब. होळी झाली, पाणी तापलं, आणि एका दुपारी काठावरच्या बेडकावर मासा असा उसळला की फाट्कन आवाज झाला. रस्त्यानं जाणारा एक गाडीवान थांबला. मी त्याला मुद्दाम सांगितलं, जाऊन पाटलांना कळव.

गावात खरा मासे जाणणारा माणूस एकच होता, म्हातारा भोई. मोर्णा नदीच्या एका डोहात मासे धरायचा हक्क त्याच्या घराण्याचा. त्यावर पोट भरत नव्हतं म्हणून माझा नवरा ज्या वखारीत होता तिथेच तो कावडीनं पिण्याचं पाणी भरायचा. तो एकदा आला, खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला आणि बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, हा मासा दुसऱ्यांची पिल्लं खातो. मी म्हटलं, खातो. त्यानं विचारलं, आपली पण खातो? मी म्हटलं, आपली पण खातो, लहान सापडला तर. तो उठला आणि मला बजावून गेला, की यातलं एकही बोटूक, बोटाएवढं पिल्लूही, माझ्या डोहाकडे आलं तर तुझं माझं जमणार नाही. त्याचं बरोबर होतं, पण बोलणं फार तुसडं होतं, आणि ते मी मनात ठेवलं.

दुसऱ्या वर्षी मी पुन्हा पिल्लं आणली. जुने जिताडे आता कोपरापासून बोटांपर्यंत लांब झाले होते. ते नव्यांना एका दिवसात फस्त करतील म्हणून मी उताराकडचा कोपरा तुरीच्या तुराट्यांच्या ताटीनं अडवून घेतला आणि नवी पिल्लं आत ठेवली. मार्गशीर्षापर्यंत ती बोटाएवढी झाली. मी नदीतले झिंगे ठेचून टाकले की पाणी नुसतं खळबळायचं. दोन वर्षांची मेहनत त्या खड्ड्यात होती आणि वऱ्हाडातली माझी म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट होती. घर भाड्याचं, नवरा वखारीचा, भाषा इथल्यांची. खड्डा माझा.

वखारीची मागची भिंत खड्ड्यापासून हाकेच्या अंतरावर होती. वखारवाला बाहेरून आलेला, गोड बोलणारा माणूस. त्याच्याकडे कसलीशी मेजवानी होती तेव्हा त्यानं माझ्या नवऱ्याकरवी चार मोठे मासे मागितले, पाहिजे ती किंमत देतो म्हणाला. आमच्याकडे तळ्यातला जिताडा विकत नाहीत. ज्याचा मान ठेवायचा असेल त्याच्या घरी आपण होऊन पाठवतात. मी नवऱ्याला सांगितलं, मालकाला म्हणावं, मान ठेवायचं अजून ठरलेलं नाही. नवऱ्यानं तसं सांगितलं नसणार. तो भांडणाला घाबरणारा होता आणि मी त्याच्या वाटणीचंही भांडत होते.

त्याच मार्गशीर्षात पिल्लं कमी व्हायला लागली. कापसाची वेचणी जोरात होती. दंवात भिजलेली बोंडं ऊन चढायच्या आत वेचायची म्हणून गावातल्या सगळ्या बाया उजाडताच वावरात जायच्या, आणि पोटासाठी मीही जायचे. दुपारी परत येऊन झिंगे टाकले तर पाणी पहिल्यासारखं खळबळायचं नाही. पाणीही रोज बोटभर उतरत होतं. आठ दिवसांत कोपरा निम्मा रिकामा झाला. ताटी शाबूत होती, म्हणजे मोठ्या माशांचं काम नव्हतं. बगळा असता तर पिसं दिसली असती. माझ्या डोक्यात एकच माणूस आला, ज्याला मासे धरता येतात आणि ज्याला माझे मासे नको आहेत.

मी विहिरीवर, चार लोकांसमोर, भोयाला चोर म्हटलं. एकदा नाही, तीनदा म्हटलं. त्यानं कावड खाली ठेवली.

"म्हन चोर," तो म्हणाला. "तुह्या तोंडाले कोन आवरन? पन मी तुह्या खड्ड्यात बोट बी नाई बुडवलं."

कावड उचलून तो गेला. माझा नवरा तिथे उभा होता. तो काही बोलला नाही, आणि तो कधीच बोलत नसल्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बिंग फुटलं. त्या काळी कापसात पाणी, माती, सरकी मिसळून वजन वाढवणारे इतके झाले होते की सरकारनं तपासायला साहेब नेमले होते. असा एक गोरा साहेब अकोल्याच्या कापूसबाजारात आला आणि त्यानं वखारवाल्याच्या गासड्यांतली एक मधोमध फाडायला लावली. आत कापूस गरम झालेला, बुरशीनं पिवळा, आणि त्यातून असा वास आला की जवळचे लोक नाक धरून मागे सरले. कापसात बोटाएवढे मासे चिकटून वाळले होते. दुसरी गासडी फाडली, तिच्यातही दोन निघाले.

हे मला नवऱ्यानं सांगितलं. तो बाजारातून धावत घरी आला होता. वखारवाल्यानं तिथल्या तिथे भोयाकडे बोट दाखवलं होतं, की हा पाणक्या नदीवरचा मासेमार, यानंच दुसऱ्या व्यापाऱ्याकडून काहीतरी घेऊन माझ्या कापसावर नदीचं पाणी ओतलं, मासे त्याच्याच कावडीतले. भोयाला शिपायांनी धरून बसवलं होतं.

मी विचारलं, मासे कसे दिसत होते? नवरा म्हणाला, पांढरी रेघ होती.

"पाणी आम्हीच नेतो," तो म्हणाला. "कापसावर मारायला. तुम्ही बाया वेचणीला गेल्या की. मी खोल बाजूनं भरायचो, बाकीचे उतारावरून भरतात. मी त्यांना सांगितलं होतं, त्या कोपऱ्यात घागर बुडवू नका."

म्हणजे विहिरीवर मी त्या म्हाताऱ्याला चोर म्हणत होते तेव्हा चोर माझ्या शेजारी उभा होता आणि मला भाकरी कमावून आणत होता. मला इतका राग आला की हातातलं भांडं मी भिंतीवर फेकलं. त्याच्यावर फेकायला हवं होतं. आणि माझा स्वतःवरचा राग त्याहून मोठा होता, कारण मी डोळ्यांनी काही न पाहता, निव्वळ एका तुसड्या बोलण्याचा सूड म्हणून, एका गरीब माणसाची अब्रू घेतली होती. माझ्यामुळेच आता लोक म्हणत होते, की तो आधीपासूनच चोर आहे.

नवऱ्यानं निरोप आणला होता. वखारवाल्याचं पाटलांशी बोलणं झालं होतं, खड्ड्याची जमीन आता तो घेत होता. मासे नदीचे आहेत एवढं मी साहेबासमोर म्हटलं, किंवा काहीच म्हटलं नाही, तर खड्डा कायमचा माझ्या नावानं लिहून देणार होता. कागद तयार होता. नवऱ्यानं तो मला दाखवला. मला तो वाचता येत नव्हता. पुढे चाळिशी उलटल्यावर मी अक्षरं शिकले ती त्या दिवसाच्या रागानं, की पुन्हा कुणी माझ्यासमोर कागद धरला तर त्यात काय आहे ते मीच बघेन.

मी खड्ड्याकडे गेले. मोठे जिताडे पऱ्हाटीच्या सावलीत सरळ रांगेत उभे होते, त्यांचे कल्ले सावकाश हलत होते. खोटं कशाला बोलू, मला तो कागद हवा होता. घागरी भरायच्या वाटेवर, वखारीच्या मागच्या दारापासून थेट पाण्यापर्यंत, चिखलात कापसाचे पुंजके रुतून बसले होते. हमालांच्या अंगाला, घागरींच्या दोऱ्यांना चिकटून आलेला कापूस. आठ दिवस मी त्याच वाटेवरून उतरत होते आणि मला तो दिसला नव्हता, कारण त्या दिवसांत कापूस सगळीकडेच असायचा. मी पदर खोचला आणि बाजाराकडे चालायला लागले. नवरा मागून येत होता. त्यानं एकदाच विचारलं, खड्डा जाईल, कळतंय ना? मी म्हटलं, कळतंय.

बाजारात साहेब खुर्चीवर, शेजारी मराठी जाणणारा कारकून, समोर फाडलेल्या गासड्या आणि बाजूला जमिनीवर भोई. वखारवाला माझ्याकडे बघून मान डोलावत होता, ठरल्याप्रमाणे मी आले असं समजून. मी गर्दीतून पुढे गेले. कापसातला एक वाळका मासा उचलला आणि कारकुनासमोर धरला.

"हा मासा नदीचा नाय," मी म्हटलं. "माझ्या खड्ड्यातला हाय. आख्ख्या वऱ्हाडात दुसरीकडे मिळाला तर मला फाशी द्या."

गर्दीत हसू पसरलं. बाईचं, त्यातून परमुलखातल्या बाईचं, कोण ऐकणार? मी हसू थांबायची वाट पाहिली नाही. डोक्यावरून गेलेली रेघ दाखवली, वरच्या जबड्याच्या पुढे आलेला खालचा जबडा दाखवला, गोल शेपटी दाखवली, आणि म्हटलं की नदीवरच्या कुठल्याही माणसाला विचारा, असा मासा मोर्णेत आहे का. कारकुनानं भोयालाच विचारलं. भोयानं मासा हातात घेऊन उलटासुलटा केला. त्याला तो मासा माझा आहे हे पहिल्या नजरेलाच कळलं असणार, पण त्या सकाळी त्याला धरलं तेव्हाही त्यानं माझं नाव घेतलं नव्हतं. आता विचारल्यावर तो एवढंच म्हणाला, की आमच्या नदीत हा नाही.

वखारवाला गोड आवाजात म्हणाला, मग या बाईनंच मासे टाकले असतील. मी म्हटलं, चला, दाखवते. साहेब खरंच उठला. अर्धा बाजार मागोमाग आला. खड्ड्यावर मी एक बेडूक धरून पाण्यात फेकला आणि मोठा जिताडा उसळला, तसा साहेब दोन पावलं मागे सरला. मग मी त्याला ताटीआडचा कोपरा दाखवला, आत उरलेली पिल्लं दाखवली, आणि चिखलातली कापसाची वाट वखारीच्या मागच्या दारापर्यंत चालून दाखवली. कारकुनानं विचारलं, पाणी कोण भरायचं, नावं सांग.

माझा नवरा माझ्या मागे उभा होता. मी वळून त्याच्याकडे बोट केलं आणि म्हटलं, हा एक, माझा नवरा. बाकीचे तो सांगेल. तो पुढे आला आणि त्यानं सगळं सांगितलं, कुणाच्या हुकमानं, किती दिवस, किती घागरी. त्याला एवढं सलग बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी मला तो पुन्हा आवडायला लागला.

भोयाला सोडलं. त्या गासड्या बाजाराबाहेर जाळल्या, दंड झाला, आणि महिन्याभरात वखार पहिल्यासारखी चालू झाली, कारण कापसाला भाव होता. नवऱ्याची हमाली त्याच संध्याकाळी गेली. खड्डा पाच दिवसांत बुजवणार असल्याचा निरोप आला. जमीन आता वखारवाल्याची होती.

मी पहिलं काम केलं ते हे, की खड्ड्यातला सगळ्यात मोठा जिताडा काढला, केळीच्या पानात गुंडाळला आणि भोयाच्या घरी गेले. माफी मागायला माझी जीभ फार जड आहे, तेव्हाही होती. मी मासा त्याच्या उंबऱ्यावर ठेवला आणि आमच्याकडे हा कुणाला देतात ते सांगितलं.

"काहून बोललीस तू?" त्यानं विचारलं. "खड्डा गेला ना तुहा."

"गेला."

"बाकीचे मासे काय करून राहिली मंग?"

मी म्हटलं, कापून गल्लीत वाटीन. वखारवाल्याच्या मातीखाली एकही जाऊ देणार नाही. तो उठला, आतून जाळं घेऊन आला आणि खांद्यावर टाकून माझ्या पुढे चालायला लागला. मला वाटलं, काढायला मदत करतोय. मी, भोई आणि नवरा, तिघांनी मिळून दिवसभर खड्ड्यात जाळं ओढलं. मोठे मासे पाण्यानं भरलेल्या कातडी पखालीत, पिल्लं माझ्या हंड्यांत, आणि हे सगळं भोयानं मागून आणलेल्या बैलगाडीत. शेवटचा मासा आत टाकल्यावर त्यानं बैलगाडीचं तोंड गावाकडे न वळवता नदीकडे वळवलं.

डोहावर पोचल्यावर मी त्याला म्हटलं, बाबा, हे तुमचे मासे खातील, तुम्हीच सांगितलं होतं.

"खाऊ दे," तो म्हणाला. "त्याहिले बी पोट हाय."

मी तिथे रडले. खड्ड्यावर रडले नव्हते, बाजारात तर नाहीच नाही. पखालीचं तोंड सोडलं तेव्हा मासे काही वेळ माझ्या पायांभोवती उथळ पाण्यात थांबले आणि मग एकेक करून खोलात गेले.

हिवाळा आणि उन्हाळा त्यांनी त्या डोहात काढला. भोई रोज जायचा आणि मला खबर द्यायचा, आज इतके दिसले, आज एकानं मरळ गिळला. स्वतःच्या जाळ्यात जिताडा आला तर सोडून द्यायचा. खड्ड्याच्या जागी वखारवाल्यानं गासड्या ठेवायचा ओटा बांधला होता. नवरा रुळांच्या गस्तीवर लागला. आषाढात मोर्णेला पूर आला, चार दिवस लाल पाणी वाहिलं आणि उतरल्यावर डोहात जिताडा एकही नव्हता. मी काठावर बसले होते. इतकं करून शेवटी हातात काहीच नाही, असं मी बोलून गेले.

"मोर्णा पूर्णेले जाते," भोई म्हणाला. "पूर्णा तापीले. तापी कुठी जाते ते म्या पायलं नाई, पन बाप सांगे, समुद्राले जाते म्हनून."

मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. दोन वर्षं हंडे उचलून, मचवा, आगगाडी, बैलगाडी करून मी ज्यांना समुद्रापासून इतकं लांब आणलं, ते पुराच्या पाण्यावर बसून परत निघाले होते, कुणाला न विचारता. जिताडा मोठा झाला की खाऱ्या पाण्याकडे ओढ घेतो, अंडी घालायला. आमच्या तळ्यातल्यांना वाट नसते, म्हणून ते तिथेच म्हातारे होतात. यांना वाट सापडली होती. मी इतकी हसले की भोयाला वाटलं, बाईला वाताचा झटका आला.

त्या रात्री जेवताना नवरा म्हणाला, आपणही आता खाली जाऊ, खारेपाटात. इथं आपलं काय उरलंय? मी त्याला वाढत होते. मी म्हटलं, मासे गेले ते अंडी घालायला गेले, मला कुठे घालायचीत. मला इथंच राहायचं आहे. त्यानं कारण विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं, की वखारवाल्याला रोज मी दिसले पाहिजे. वखारीच्या दारासमोर रस्त्यापलीकडे एक खोली भाड्यानं मिळत होती आणि मी ती सकाळीच घेऊन आले होते.

त्या खोलीत आम्ही एकोणीस वर्षं राहिलो. वखारवाला रोज सकाळी दार उघडायचा, आणि समोर अंगणात मी भोयाच्या जाळ्यातले मासे कापत बसलेली असायचे.